न उलगडलेल्या चिठ्ठ्या

दातांच्या कॅप बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये तिला पाठीमागे सगळे ‘मोजपट्टी’ म्हणतात. वय एकेचाळीस. चौदा वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलावर ती दाढांच्या कॅप घडवते आणि प्रत्येक कॅप तीनदा मोजते. हात सफाईदार. पण एखादी कॅप डॉक्टरांकडून परत आली, की डबीत सोबत आलेली डॉक्टरांची चिठ्ठी ती वाचत नाही. घडीसकट ड्रॉवरमध्ये टाकते आणि नवी कॅप करायला घेते.

“शाळेत निकालाच्या दिवशी हिचा ताप ठरलेला,” थोरली बहीण सांगते. “प्रगतिपुस्तक मीच आणायची. गुण बरे असायचे हो! पुढे शिवणाचा क्लास लावला. बाईंनी एकदा शिवण उसवायला सांगितली, झालं, दुसऱ्या दिवसापासून क्लास बंद.”

गेल्या महिन्यात समोरच्या दातांचं टेबल रिकामं झालं. तिथलं रंग जुळवण्याचं नाजूक काम तिला कधीपासून हवं होतं, आणि मालकही तिलाच देणार होते. नेमकी तेव्हाच एक दाढ परत आली. तिने नवी केली. तीही परत आली. मग तिसरीही.

मालक डबी घेऊन टेबलाशी आले. “बाई, काय लिहिलंय चिठ्ठीत?”

“नवी करते सर. संध्याकाळपर्यंत देते.”

“नवी नको. चिठ्ठी वाचा.”

ती हात पुसत राहिली. शेवटी मालकांनीच डबीतली चिठ्ठी काढली, ड्रॉवर ओढून आधीच्या दोन शोधल्या आणि मोठ्याने वाचल्या. तिन्हींत मजकूर एकच: रंग उत्तम, बसते छान, फक्त चावताना किंचित उंच लागते, घासून द्यावी. ती दाढ ज्या दातांवर चावते, त्या दुसऱ्या जबड्याचा लॅबमधला साचा झिजला होता. त्यावर घडवलेली प्रत्येक कॅप तेवढीच उंच होणार होती.

“पाच मिनिटांचं काम, बाई! त्या माणसाला तीन आठवडे एका बाजूने जेवायला लावलंत!”

तिने तिथल्या तिथे कॅप घासली. ती परत आली नाही.

सोमवारी मालक म्हणाले, “उद्यापासून समोरच्या दातांच्या टेबलावर बसा.”

“नको सर. माझं काम उंच होतं.”

“आणि रंग उत्तम लिहिलंय, ते?”

“ते आपलं बरं वाटावं म्हणून लिहितात.”

मालकांनी कपाळावर हात मारला. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली, दोनदा विचारलं, मग टेबल दुसऱ्या कारागिराला दिलं. त्याच्याही कॅप परत येतात. तो चिठ्ठी वाचतो, डॉक्टरला एक शिवी हासडतो, घासतो आणि पाठवून देतो. रंग मात्र त्याला अजून जुळवता येत नाही. त्यासाठी तो रोज तिच्या टेबलाशी येतो, आणि ती एका नजरेत बरोबर सांगते.