तेराच्या पाढ्यातला खोकला

चिंचोके दिसले की मला रिठदची आमची शाळा आठवते. देवळाच्या ओसरीत भरायची ती. म्हातारे गुरुजी घोंगडीवर बसून रोज पाढे घोकून घ्यायचे, आणि तेराच्या पाढ्यात ‘तेरा सख अठ्ठ्याहत्तर’ झालं की त्यांना हमखास खोकल्याची उबळ यायची. ती सरेपर्यंत आम्ही थांबायचो, मग पुढचा आकडा. एका उन्हाळ्यात गुरुजी तापाने गेले. त्यांच्या जागी रिसोडहून तरणे मास्तर आले. त्यांना घोकंपट्टीचा भारी राग. टोपलीभर चिंचोके ओतून त्यांनी तेरा-तेराच्या ओळी मांडायला लावल्या. म्हणाले, “हातानं मांडा, डोयानं पाहा, मंग म्हना.” आम्ही एकेक ओळ मांडत पाढा म्हणू लागलो. तेरा सख अठ्ठ्याहत्तर झालं, आणि सगळी ओसरी एकदम गप्प झाली. भर दुपार होती, पण पिंपळाचं पानही हलेना. मास्तर वैतागले. “काहून थांबले बाप्पा? सातवी ओळ मांडा ना!” माझ्या शेजारची मुलगी गुरुजींच्या रिकाम्या घोंगडीकडे पाहत हळूच म्हणाली, “थांबा मास्तर, गुरुजी खोकलून राह्यले.” कोणीच हसलं नाही. मास्तरांनी घोंगडीकडे पाहिलं, आणि तेही थांबले. मग कोणी न सांगता आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, तेरा सत्ते एक्याण्णव. काल माझी नात चिंचोके मांडून तेराचा पाढा शिकत होती, मास्तरांच्याच रीतीने, न घोकता. गुरुजींच्या खोकल्याचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं, तरी सहावी ओळ झाली आणि तिचा हात थांबला. मी विचारलं, “काहून थांबली वं?” तिने ओठांवर बोट ठेवलं.