पडद्यावरचे चौऱ्याहत्तर

शाळेत मुलं त्यांना 'सांगा सर' म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं. प्रयोगशाळेत परीक्षानळीत थेंब टाकला, की सर नळी उंच धरत, वर्गाकडे वळत आणि म्हणत, "सांगा बघू, कोणता रंग आला?" मुलं गलका करत. निम्मी गुलाबी म्हणायची, निम्मी जांभळा. सर त्यांना भांडू देत, पुन्हा पुन्हा बघायला लावत आणि शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की तोच रंग फळ्यावर लिहीत. स्वतः रंग सांगायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी "मुलांना बघायला शिकवणारा शिक्षक" असा शेरा दिला होता. नव्याने लागलेल्या शिक्षकांना मुख्याध्यापिका बाई मुद्दाम त्यांच्या तासाला बसवत.

शाळेत इंटरनेट आलं तसा सरांना नवा नाद लागला. विज्ञान शिकवायला उपयोगी पडेल असं जगात कुठे काय फुकट मिळतं, ते हुडकत बसायचं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी गार झालेला चहा, आणि सरांचं नाक पडद्याला टेकलेलं. बायको म्हणायची, "अहो, त्या खोक्यात काय पुरलंय का?" सर म्हणायचे, "पुरलंय तर काय! शंभर खड्डे खणावे तेव्हा एक सापडतं."

ते खरंच होतं. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ होते. काही पानं उघडली की जाहिरातींचा असा भडिमार, की मुलं धडा सोडून बुटांच्या किमती वाचत बसतील. आणि मधेच एखादं सोनं हाती लागायचं. वायर जोडली की दिवा लागतो, चुकीची जोडली की ठिणगी उडते, असा पडद्यावरच विजेचा परिपथ जोडता येणारं पान. आत्ता या घटकेला कुठे भूकंप झाला ते दाखवणारा नकाशा. सरांच्या कसोट्या ठरलेल्या होत्या. पान कुणी बनवलंय ते बघायचं, हळू इंटरनेटवर उघडतं का बघायचं, सांगितलेला प्रयोग शाळेतल्या सामानात जमतो का बघायचं, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय दुसऱ्याला सुचवायचं नाही.

म्हणूनच आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांना हे सगळं दाखवायचं ठरलं, तेव्हा बाईंनी दुसऱ्या कुणाचा विचारही केला नाही. शनिवारी वाचनालयातली टेबलं भिंतीला सरकवली, खुर्च्या मांडल्या आणि पांढरा पडदा लावला. वाचनालय गच्च भरलं. सर रंगात आले होते. भूकंपाच्या नकाशाने लोक पुढे सरकून बसले, विजेच्या परिपथाने हसले, चुकीच्या व्हिडिओंवर तर दोघीतिघींनी "अगं बाई, हा मी दाखवलाय!" म्हणून कपाळाला हात लावला.

मग डोळ्याचा धडा आला. सर म्हणाले, "रंगांधळेपणा आपण एका ओळीत उरकतो. पुस्तकातलं चित्रही काळं-पांढरं छापलेलं, त्यात कुणाला काय दिसणार? हे पान बघा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बनवलंय, जाहिरात एक नाही, चटकन उघडतं."

पडद्यावर रंगीत ठिपक्यांचं मोठं वर्तुळ आलं. सरांनी सवयीने विचारलं, "सांगा बघू, कोणता आकडा दिसतोय?"

"चौऱ्याहत्तर!" सगळं वाचनालय एका सुरात म्हणालं.

सर हसले. खुर्चीत बसलं की शिक्षकसुद्धा मुलं होतात, चेष्टा करतात, असं त्यांना वाटलं. "बरं, गंमत पुरे. नीट बघून सांगा."

"चौऱ्याहत्तर."

या वेळी कुणी हसत नव्हतं. सरांनी पडद्याकडे पाहिलं. आकडा ढळढळीत दिसत होता. घरी त्यांनी हे पान बघितलं होतं, आणि फक्त याच पानाची शेवटची ओळ वाचली नव्हती. उत्तर समोर दिसत असताना वाचायचं कशाला?

"अहो, एकवीस आहे," ते म्हणाले. "हा दोन. हा एक." पडद्याजवळ जाऊन त्यांनी बोटाने आकडे गिरवून दाखवले. त्यांच्या हाताची सावली ठिपक्यांवर हलत होती.

पहिल्या रांगेतल्या एक शिक्षिका अर्धवट उठल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, खाली उत्तर दिलंय, ते उघडता का?"

सरांनी ते उघडलं आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागले. "सर्वसाधारण नजरेला इथे चौऱ्याहत्तर हा आकडा दिसतो. ज्यांना लाल आणि हिरवा या रंगांतला फरक नीट कळत नाही, त्यांना इथे एकवीस..."

सर वाचायचे थांबले. समोरच्या सगळ्या चेहऱ्यांवर एकच भाव होता, रस्त्यात घसरून पडलेल्या माणसाकडे बघावं तसा. मुख्याध्यापिका बाईंनी "चहा घेऊ या" असं जाहीर केलं. चहा यायला अजून अर्धा तास होता.

सर मागच्या दाराने निघाले ते थेट पाण्याच्या नळाशी गेले. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा मारलं. मागे पावलं वाजली. पलीकडच्या शाळेतले गणिताचे शिक्षक उभे होते, उंच, हडकुळे, दिवसभर एक शब्द न बोललेले.

"मलाही एकवीसच दिसलं," ते म्हणाले.

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. हनुवटीवरून पाणी गळत होतं. "मग तेव्हा तोंड का नाही उघडलंत?"

"सगळे चौऱ्याहत्तर म्हणाले, मीही म्हणालो. सवय आहे हो. लहानपणापासून तेच करतोय."

"लहानपणापासून माहीत आहे तुम्हाला?"

"म्हणून तर गणित घेतलं. गणितात कुणी रंग विचारत नाही." आणि मग जपून त्यांनी विचारलं, "तुम्हाला... खरंच माहीत नव्हतं?"

सरांनी मान हलवली. जन्म गेला होता विज्ञान शिकवण्यात. रंगांधळेपणा आईकडून मुलाकडे कसा येतो, त्याचा तक्ता ते डोळे मिटून फळ्यावर काढू शकत होते. आणि त्या तक्त्यात आपण उभे आहोत, हे त्यांना आज कळत होतं, तेही भर सभेत.

कार्यक्रम बाईंनीच कसाबसा पुरा केला. सर घरी चालत निघाले. एकेक गोष्ट आठवत होती आणि आठवली की पाय जागीच थांबत होते. चौकातला दिवा वरचा पेटला की थांबायचं, खालचा पेटला की जायचं. हे सगळेच असं करतात, अशी त्यांची समजूत होती. टोमॅटो ते दाबून घ्यायचे. प्रयोगशाळेत बाटल्यांवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय हात लावायचे नाहीत आणि मुलांना त्याबद्दल शिस्तीचे धडे द्यायचे. आणि ते "सांगा बघू"! आपण मुलांना बघायला शिकवतोय असं समजत होतो. आपण तर त्यांना विचारत होतो!

बायकोने दार उघडलं आणि तोंडाकडे बघूनच म्हणाली, "काय झालं? कुणी गेलं का?"

सर खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती समोर बसली. मग उठून आत गेली आणि लोकरीचे दोन गुंडे घेऊन आली.

"सांगा, कोणता हिरवा?"

सरांनी दोन्ही उजेडात धरले. त्यातल्या त्यात गडद होता तो पुढे केला.

तिने तोंडावर हात घेतला. "हा तपकिरी आहे. मागच्या वर्षी मी हिरवी लोकर आणायला सांगितली आणि तुम्ही ही आणलीत. मी आठवडाभर धड बोलले नाही तुमच्याशी. लग्न झाल्यापासून मी एकच म्हणत आलेय, यांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं. अहो, तुम्ही का नाही सांगितलंत?"

"अगं, मलाच कुठे ठाऊक होतं?"

ती रडते आहे की हसते आहे ते सरांना कळेना. बहुधा दोन्ही.

एवढ्यात आतल्या खोलीतून आई आली. तिला ऐकू कमी यायचं, पण नको ते नेमकं ऐकू यायचं. "कुणाला लाल दिसत नाही?" तिने विचारलं. सुनेने कानाशी जाऊन सांगितलं. म्हातारी पलंगाच्या कडेला टेकली.

"तुझ्या मामालाही दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"काय?" सर उठून उभेच राहिले.

"त्याला आगगाडी चालवायची होती. डॉक्टरांनी तपासलं आणि परत पाठवलं. घरी येऊन म्हणाला, मला लाल दिवा ओळखता येत नाही म्हणतात. वडिलांना वाटलं, पोरगा थापा मारतोय, काहीतरी उद्योग करून हाकलला गेलाय. धडधाकट डोळ्यांच्या माणसाला दिवा दिसत नाही, हे कुणाला पटणार? वडील त्याच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत. आणि खरं सांगू? मलाही तो खोटारडाच वाटला."

मामा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. सरांना तो आठवत होता तो गोदामातल्या नोकरीवरून येऊन मुकाट्याने ओसरीवर बसणारा. आईने पदर डोळ्यांना लावला. सर तिच्याशेजारी बसले, तिचा हात हातात घेतला. तो तक्ता त्यांनी शेकडो वेळा फळ्यावर काढला होता, पण आपल्या आईला, आपल्या मामाला त्यात बसवून बघायचं एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "बाबा, माझ्या पिल्लालाही असू शकतं ना?" सरांनी खरं ते सांगितलं. असू शकतं, नसूही शकतं, नाणं उडवावं तसं. मुलगी नातवाला घेऊन आली आणि सगळे मिळून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नातवाने ठिपक्यांमधली सगळी चित्रं फटाफट ओळखली आणि वर बक्षीस म्हणून गोड गोळी मागितली. सरांना हायसं वाटलं. आणि खोटं कशाला बोला, थोडं एकटंही वाटलं.

"याला औषध नाही," सरांना तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि इतकी वर्षं तुमचं काही अडलंही नाही."

त्यानंतरच्या पहिल्याच तासाला सरांनी वर्गात सगळं सांगून टाकलं. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मग आम्ही सांगायचो तो रंग खरा, हे तुम्हाला कसं कळायचं?"

"तुमच्यावर विश्वास ठेवायचो."

"आणि आम्ही सगळ्यांनी ठरवून खोटं सांगितलं असतं तर?"

सर सटपटले. हा प्रश्न त्यांना स्वतःला पडला नव्हता. इतक्या वर्षांत, इतक्या वर्गांत, कधीच कुणी तसं केलं नव्हतं का? की केलं होतं आणि आपण ते फळ्यावर लिहून मोकळे झालो होतो? मुलांच्या चेहऱ्यांवरून काही कळेना. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं.

सरांचा तास आजही तसाच चालतो. नळी उंच धरायची, मुलांनी भांडायचं. फक्त आता मुलं जरा जास्त निरखून बघतात आणि एखाद्याने उगाच काही ठोकून दिलं, तर बाकीचे त्याच्यावर तुटून पडतात. सरांच्या कसोट्यांमध्येही एकीची भर पडली. लाल रेघ आणि हिरवी रेघ एवढ्यावरच ज्या पानाचा अर्थ अवलंबून असतो, ते पान बाद, किंवा रेघांवर अक्षरं लिहून मगच वर्गात वापरायचं. एका पानाच्या निर्मात्यांना त्यांनी तसं कळवलं. उत्तर अजून आलेलं नाही.

शनिवारी दुपारी गणिताचे शिक्षक येतात. दोघं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक पान तपासतात.

"ही पट्टी नारिंगी दिसते," एक म्हणतो.

"छे, पिवळी असणार."

वाद वाढत जातो, आवाज चढतात, आणि स्वयंपाकघरातून हात पुसत बायको येते, पडद्याकडे एकदा बघते आणि म्हणते, "हिरवी आहे हो, पोपटी हिरवी. सरका बघू, चहा ठेवायचाय."