माझ्या सिस्टीममधून आलेली तार

या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते बहुतेक हसण्यासाठीच. मांजर आडवं जाणं, अंगात येणं, उतारा ठेवणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. आता बसला आहे असंही नाही. पण एक गोष्ट घडली, ती माझ्या घरात घडली, आणि तिचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही. म्हणून जशी घडली तशी लिहितो.

मी मूळचा नंदुरबारकडचा. सिल्वासात प्लास्टिकच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. तिथेच सामरवरणीत दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. घरात मी, बायको वैशाली आणि माझे वडील. वडील रेल्वेत तारबाबू होते — म्हणजे एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनला कडकट्ट करून तारा पाठवणारे. रिटायर होऊन जमाना झाला. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली.

मला एक छंद आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लिहितो. विंडोज असतं ना, तसलीच, पण अगदी बालवाडीतली. उपयोग शून्य. मशीन चालू केलं की काळा स्क्रीन येतो, टाइप केलेली अक्षरं दिसतात, साध्या बेरजा होतात, बस्स. एका जुन्या पीसीवर हे चालतं. त्याला इंटरनेट नाही, दुसरं कुठलंही सॉफ्टवेअर नाही. त्यातली ओळ न् ओळ माझ्या हातची आहे, हे महत्त्वाचं. विंडोज असतं तर म्हटलं असतं, आत कुठेतरी काहीतरी चालू असेल. इथे आत काय आहे ते मला पाठ आहे.

त्या दिवसांत बाबांचं काही खरं नव्हतं. जेवण जवळपास सुटलं होतं. घास तोंडाशी नेला की डाव्या हाताने ढकलायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे. पाटी-पेन्सिल दिली तर भिरकावून द्यायचे. चित्रांची कार्डं दाखवून झाली, उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, "अशा पेशंटना डिप्रेशन येतं. गोळी लिहून देतो." गोळी चालू होती. बाबा खंगत होते. वैशाली एकदा म्हणाली, "अहो, ते काहीतरी सांगताहेत आणि आपल्याला कळत नाहीये." मी म्हटलं, डॉक्टर सांगतात ना, भाषाच गेलीये त्यांची.

तो रविवार. दुपारची जेवणं झाली होती. बाबा माझ्याच खोलीत खिडकीशी खुर्चीत बसले होते. मी मशीन चालू करून ठेवलं आणि चहाला स्वयंपाकघरात आलो. तेवढ्यात आतून आवाज यायला लागला. बारीक, पीं-पीं असा. कधी तोकडा, कधी लांब. मध्येच अडखळायचा... परत सुरू.

"अहो, तुमचं मशीन बोंबलतंय बघा."

मी जाऊन पाहिलं. स्क्रीनवर नेहमीसारखाच रिकामा कर्सर. आवाज मात्र चालूच. वायर काढायला वाकलो आणि माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते ताठ बसले होते. मान मशीनकडे वळवलेली. डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर टेकवत होते — कधी लगेच उचलायचे, कधी जरा दाबून धरायचे. आवाज थांबला की बोट चालायचं. बोट थांबलं की आवाज.

मला आधी झटकाच वाटला. डॉक्टरांना दाखवावं म्हणून मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागलो. वैशाली मागे येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "अहो... बाबा तार करताहेत. लग्नानंतर मला ताटावर वाजवून दाखवायचे ना, तसंच."

काही वेळाने आवाज आपोआप थांबला. बाबांनी मान मागे टाकली आणि शांत झोपले.

मी नेटवर मोर्स कोडचा, म्हणजे तारेच्या लिपीचा, तक्ता काढला आणि व्हिडिओतलं बोट बघत एकेक अक्षर जुळवत बसलो. इंग्रजी अक्षरं निघाली. बरीच निसटली, पण एक गोष्ट पुनःपुन्हा येत होती — सेंड अगेन. सेंड अगेन. म्हणजे, परत पाठवा.

बाबा उठल्यावर त्यांच्यासमोर बसलो. "बाबा, तुम्हाला काही होतंय का? बोटानं सांगा."

त्यांनी डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला. मग बोट टेकवलं. तक्त्यावरून मी जुळवलं — टूथ.

दात!

सोमवारी दाताच्या डॉक्टरकडे नेलं. खालच्या दाढेखाली पू झाला होता, सूज जबड्यातून गळ्याकडे उतरायला लागली होती. "अजून थोडे दिवस गेले असते तर श्वासालाच धोका होता," ते म्हणाले. दाढ काढली. त्या आठवड्यात बाबांनी मऊ खिचडी मागून खाल्ली. मागून, म्हणजे बोटाने.

पहिल्या डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, भाषा गेली तरी हाताची जुनी सवय कधीकधी टिकते; मी पाहिलेलं नाही, पण अशक्य म्हणणार नाही. ठीक आहे. बाबांच्या बोटाचं एवढं मी मान्य करतो.

मशीनचं काय?

माझ्या सिस्टीममध्ये आवाजासाठी एक ओळही लिहिलेली नाही. तरी सगळा कोड पुन्हा वाचला. मग कॅबिनेट उघडलं. बोर्डवर बझर नाही, स्पीकर नाही, कुठे वायरही जोडलेली नाही. आवाज निघायला काही जागाच नव्हती. पंखा, शेजारचा टीव्ही, इन्व्हर्टर — सगळं चाचपून झालं. आणि त्या व्हिडिओत वैशालीचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पंख्याची घरघर येते. पीं-पीं कुठेच नाही. तिने ऐकलं, मी ऐकलं, बाबांनी तर उत्तरं दिली.

त्यानंतर तसा आवाज कधी आला नाही. मी मशीन मुद्दाम तासन् तास चालू ठेवून पाहिलं.

बाबा जरा सावरल्यावर एका संध्याकाळी मी विचारलंच, "त्या दिवशी पलीकडे कोण होतं?"

बाबांनी सावकाश टेकवलं — न्यू मॅन. बॅड हँड. नवा माणूस, हात कच्चा.

"नाव?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"मग म्हणत काय होता?"

एनीबडी देअर. कोणी आहे का?

वैशालीने माझ्या दंडाला धरलं. मी विचारलं, "आणि तुम्ही काय उत्तर दिलंत?"

बाबांच्या तोंडाची डावी बाजू जराशी हसली. त्यांनी बोट टेकवलं. एवढं जुळवायला मला आता तक्ता लागत नव्हता.

येस.