अमेरिकन दालनातले सबनीस

ड्रेस्डेनच्या मराठी मंडळात नीलांबरी सबनीसला वचकून नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. गणपतीत मोदकाची पारी जाड झाली की ती करणाऱ्याच्या तोंडावर सांगणार, "हा मोदक नाही रे बाबा, हा क्नोडेल आहे, नुसता जर्मन गोळा." नवीन आलेली पोरं हिवाळ्यात पातळ जॅकेटात दिसली की भर रस्त्यात झापणार. आणि अशा बाईच्या नशिबी नोकरी कुठली यावी, तर दिवसभर तोंड मिटून उभं राहायची! एका म्युझियममध्ये ती दालनाची राखणदार होती. कुणी चित्राच्या फार जवळ गेलं की "बिटं, आबश्टांड", जरा लांब राहा, असं म्हणायचं, टॉयलेट कुठे ते सांगायचं, बास. दिवसभर साठलेलं सगळं ती घरी येऊन नवऱ्यापाशी ओतायची आणि पंढरीनाथ सबनीस पेपरातून डोकं वर न काढता "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे बरोबर बरोबर, म्हणायचे.

सबनीस मूळचे कराडचे. बर्लिनची भिंत पडल्यावर थोड्याच दिवसांत इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीला आले, मग चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. शांत माणूस. बायकोच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे टिकायचं तर शांतच असावं लागतं, असं मंडळात सगळे म्हणायचे. रिटायर झाल्यावर ते विसरायला लागले. आधी किल्ल्या, मग ट्रामचा नंबर, मग घराची वाट. मग जर्मन गेली. ज्या भाषेत अख्खी नोकरी केली, ती अशी निघून गेली की दुकानात ब्रेड मागायची पंचाईत. आणि शेवटी बायकोचं नाव गेलं. कधी तिला 'सिस्टर' म्हणायचे, कधी 'अहो ताई'.

"ताई काय ताई! लग्नाची बायको आहे मी तुमची," असं ती सुरुवातीला म्हणायची. ते ओशाळायचे, परक्या बाईचा अपमान झाल्यासारखी माफी मागायचे. मग तिने म्हणणं सोडून दिलं. ताई तर ताई.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी परत येताना ट्राममध्ये सबनीसांनी तिचा हात धरला होता. हा माणूस घरातसुद्धा कधी हात धरायचा नाही. म्हणाले, "नीला, मला कुठे ठेवू नकोस गं." ती म्हणाली, "वेड लागलंय का? मी आहे ना. घरीच राहायचं तुम्ही." तिच्या लेखी विषय तिथे संपला.

पण विषय संपतो कुठे! दिवसा सांभाळणाऱ्या केंद्राने हात टेकले, कारण सबनीस कुंपणाचं फाटक उघडून निघून जायचे. घरी एकटं ठेवावं तर स्टोव्ह चालू करून विसरायचे. तिची नोकरी सुटायला अजून अवकाश होता. मुलगी तनया इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. ती रोज फोनवर तेच, "ममा, दास गेट निश्ट मेअर, असं नाही चालणार आता. एका चांगल्या हाइममध्ये जागा होतीये. निदान बघून तरी ये."

"पुन्हा ते नाव काढलंस तर फोन ठेवीन," नीलांबरी म्हणायची, आणि ठेवायचीसुद्धा. हाइम म्हणजे नावाला 'घर', खरा वृद्धाश्रम.

तिने आपला मार्ग काढला. नवऱ्याला ती कामावर घेऊन जाऊ लागली. वरिष्ठांना तिने काय सांगितलं देव जाणे, पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा हो म्हणणं सोपं होतं हे जर्मनांनाही एव्हाना कळलं होतं. सबनीसांना ती तिसऱ्या मजल्यावरच्या अमेरिकन दालनात बाकावर बसवायची आणि स्वतः तिथेच उभी राहायची. अमेरिकेत पैसा केलेल्या कुठल्याशा जुन्या व्यापाऱ्याने तिकडची चित्रं गोळा करून गावाला दिली होती. लोक ड्रेस्डेनला येऊन अमेरिकन चित्रं कशाला बघतील? त्यामुळे दालन बहुतेक रिकामंच असायचं.

बाकासमोर दोन चित्रं होती. एक मोठा निसर्गदेखावा. रुंद नदी, पलीकडे तांबूस डोंगर, पाऊस नुकता उघडलेला, आणि काठाजवळ एक इवलीशी नाव. सबनीस येता-जाता विचारायचे, "ताई, नाव सुटली का?" ती म्हणायची, "नाही अजून, बसा." शेजारी एका बाईचं पोर्ट्रेट. काळा झगा, लेसची टोपी, मिटलेला पंखा, आणि दाढ दुखत असल्यासारखं तोंड. या बाईशी मात्र सबनीस जर्मनमध्ये बोलायचे! घरी पाणी मागायला शब्द सापडायचा नाही, आणि हिच्यापुढे अदबीने वाकून "गूटन मोर्गन, ग्नेडिगे फ्राऊ," म्हणजे नमस्कार बाईसाहेब. गोऱ्या बाईशी मराठीत बोलून कसं चालेल, असा त्यांचा हिशोब असावा. नीलांबरीला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं. "मला ताई, आणि हिला ग्नेडिगे फ्राऊ! अहो, हिने तुमचे डबे भरले का?" ती पुटपुटायची. ते शांत बसलेले असायचे, तेवढंच तिला पुरेसं होतं. म्हणून त्या दाढदुख्या अमेरिकन बाईवर तिचा मनातून जीवही होता.

डिसेंबरात नोटीस निघाली. दुरुस्तीसाठी तिसरा मजला बंद, सगळी चित्रं तळघरातल्या भांडारात. कधी उघडणार, ते कुणी सांगेना. नीलांबरी वरिष्ठांशी भांडली, मग विनवण्या केल्या, मग, कधी नव्हे ते, त्यांच्यासमोर रडली. ते बिचारे म्हणाले, "फ्राऊ सबनीस, भिंतीच पाडायच्यात, मी काय करू?" घरी येऊन तिने तनयाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते हाइम पुन्हा निघालं असतं.

चित्रं उतरवायची ती दुपार. तिची ड्युटी खाली कोट ठेवायच्या काउंटरवर लागली. शाळेच्या सहलीच आल्या होत्या, जागचं हलता येईना. सबनीसांना तिने वरच बसवलं आणि फ्राऊ केलरला सांगितलं, "जरा लक्ष ठेव." ही केलर तिच्याच वयाची, बरोबर काम करणारी, भली बाई. गर्दी ओसरल्यावर नीलांबरी वर गेली. भिंती उघड्या, खिळे तेवढे उरलेले, आणि बाक रिकामं.

"कुठे गेले?"

"येतीलच," केलर म्हणाली. "दारात उभे होते, हात वर केला, म्हणाले, 'इश कोमं.' मला वाटलं टॉयलेटला जाऊन परत येतायत. मी वाट बघतेय कधीची."

इश कोमं. मी येतो. अगं बाई, आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात! माणूस चालला की 'येतो' म्हणूनच चालतो. हे त्या केलरला कुठून कळणार? तिने ते जर्मन समजून घेतलं आणि ढिम्म बसून राहिली. सबनीसांनी निरोप घेतला होता. नदी उतरवली, नाव गेली, आणि हा माणूस नाव गाठायला निघाला होता.

पोलीस आले. दोघं होते, समजूतदार होते. त्यांनी विचारलं, "आधी इमारत नीट शोधूया का? तळघर, स्टोअर, सगळं?"

"नाही!" ती ओरडली. "वेळ घालवू नका! ते बाहेर गेलेत, एल्ब नदीवर. मला माहीत आहे. आमच्या भाषेत निघताना असंच म्हणतात." मग तिने ते त्यांना समजावूनही सांगितलं, येतो आणि जातो, हातवारे करून, अगदी शिकवणीसारखं. बायकोला नाही कळणार तर कुणाला कळणार? पोलिसांनी मान डोलावली. तिच्या शब्दावर सगळे नदीकडे निघाले. दालनांवरून एक नजर टाकून रखवालदाराने म्युझियम रोजच्यासारखं बंद केलं.

अंधार लवकर पडला. फेरीच्या धक्क्यावर ती प्रत्येकाला फोटो दाखवत फिरली. काठावरच्या गवतावर बर्फ भुरभुरत होतं आणि ती "अहो! अहो!" अशा हाका मारत होती. नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची जिभेला सवय नव्हती. एका पोलिसाने विचारलं, "त्यांचं नाव 'आहो' आहे का?" तेव्हा कुठे तिने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने नाव घेतलं. "पंढरीनाथ!" नदी काळी, फुगलेली होती. पाण्यात शोधायला उतरलेल्या पाणबुड्यांचे दिवे फिरत होते. देवा, मला ने, पण त्यांना असं नको रे, असं ती म्हणत राहिली. तनया गाडी हाणत येऊन पोचली तेव्हा आई गवतात बसलेली होती. तनयाने तिला उचलून गाडीत घातलं.

सकाळी म्युझियममधून फोन आला. चित्रं बांधणाऱ्या कंपनीची माणसं भांडार उघडून आत गेली, तर तिथे सबनीस.

मागाहून सगळं कळलं. माणसं ट्रॉलीवर ती अमेरिकन बाई घालून मालाच्या लिफ्टकडे निघाली, तसे सबनीस दारापर्यंत गेले आणि तिला म्हणाले, "इश कोमं." अगदी साधी, शुद्ध जर्मन. मी येतोय. आणि खरोखर तिच्या मागोमाग गेले. नेव्ही ब्लू कोटातला उंच, पोक्त माणूस बघून कंपनीच्या लोकांना वाटलं, हा म्युझियमचाच कुणी साहेब असणार. त्यांनी लिफ्टचं दार धरून त्यांना आत घेतलं. संध्याकाळी कुलूप लागलं तेव्हा ते रॅकच्या मागे होते.

त्या बाईशी ते जर्मनच बोलतात, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. नीलांबरीला. रोज ऐकत होती, रोज टोमणे मारत होती. आणि ऐन वेळी तिने त्यांच्या तोंडात मराठी घातली.

भांडारात चित्रांसाठी ठेवतात तशी बेताची ऊब होती, म्हणून निभावलं. सबनीस एका खोक्याला पाठ लावून जमिनीवर बसले होते. मांडीवर सामान गुंडाळायचं जाड कापड, पँट ओली, ओठ सुकलेले. दाराच्या आतल्या बाजूला तळहातांचे ठसे उमटले होते. ती धावत गेली आणि त्यांच्यापुढे बसली. त्यांनी मान वर केली, तिच्याकडे नीट बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"नीला," ते म्हणाले. घसा पार बसला होता, नुसती हवा यायची. "अगं, किती हाका मारल्या तुला! तू होतीस कुठे?"

कितीतरी महिन्यांनी तिचं नाव त्यांच्या तोंडून आलं होतं. तिने त्यांचे हात हातात घेतले. "नदीवर होते हो," एवढंच ती म्हणाली.

हॉस्पिटलात सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, शरीर ठीक आहे, दार ठोठावून हात सुजलेत आणि ओरडून आवाज गेलाय, तो येईल. तनया खोलीच्या दारात उभी होती. आईशी वाद घालायची तिची हिंमत नव्हती आणि आज इच्छाही नव्हती. नीलांबरीच तिच्याजवळ गेली.

"ती हाइमवाली जागा आहे का अजून?"

"ममा, आज नको ना. तू दमलीयेस."

"मी नाही ओळखू शकले गं. ते काय म्हणाले ते मला नाही कळलं. मला कळतं म्हणून तर घरी ठेवत होते ना मी?" ती रडत नव्हती. "कळव त्यांना. हो म्हणून सांग."

तनया जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली, मग आईला मिठी मारली, मग फोन घेऊन बाहेर गेली.

नीलांबरी पलंगाजवळ आली. सबनीस जागे होते. इतके जागे की गेल्या वर्षभरात तिने त्यांना असं बघितलं नव्हतं. तिच्या विस्कटलेल्या केसांकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली, अगदी पूर्वीसारखी.

"नीला, काय अवतार करून घेतलायस? जेवलीस का काही?"

"जेवले."

"मग चल. मला नाही आवडत इथे." त्यांनी सुजलेल्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. "घरी जायचं ना आता?"

बाहेर कॉरिडॉरमध्ये तनया हाइमला सबनीसांच्या नावाचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगत होती. ते इथवर स्वच्छ ऐकू येत होतं.

"हो," नीलांबरी म्हणाली, "जायचं." आणि मोकळ्या हाताने ती त्यांच्या शर्टाची बटणं लावू लागली.