रांगेत आली, रांगेत गेली

मास्तर वर्गात शिरण्याआधी दारात थांबत आणि टाचेवर टाच आपटत. कुठल्याशा सचित्र मासिकात त्यांनी एका जर्मन अधिकाऱ्याचा फोटो पाहिला होता, तेव्हापासूनची ही सवय. अधिकाऱ्याच्या पायात बूट होते. मास्तरांच्या पायात पुणेरी जोडा आणि वर धोतर. त्यामुळे जिथं 'खट्' व्हायचं तिथं 'फत्' व्हायचं आणि थोडी धूळ उडायची. मग वर्गावर नजर फिरवून ते म्हणत, "शिस्त. बाकीचं मागाहून."

एकोणीसशे चाळीसच्या आसपासच्या त्या वर्षांत असा एखादा माणूस तुमच्याही गावात असणारच. सरकारवर राग, पण सरकारी ग्रँटवर चालणारी नोकरी. मग राग काढायचा कुठं? तर दूरच्या देशाचं कौतुक करण्यात. आमच्या नगरात हे काम मास्तर करत. ते हायस्कुलात इतिहास शिकवत आणि मी नुकताच चित्रकला शिकवायला लागलो होतो.

दोन महायुद्धांमधला जर्मनी हा त्यांचा विषय. दर पावसाळ्यात वाचनालयात ते त्यावर व्याख्यान देत आणि मला कापडावर युरोपचा नकाशा रंगवून द्यावा लागे. व्याख्यान मात्र फर्डं होत असे. हरलेला, अपमान गिळून बसलेला देश. पावासाठी टोपलीभर नोटा घेऊन निघालेली माणसं. कारखाने बंद, तरुण पोरं रस्त्यावर. इथं मास्तरांचा आवाज भरून येई आणि पहिल्या रांगेतले पेन्शनर मामलेदार डोळे पुसत. मग एक कणखर पुढारी येई. रस्ते होत, कारखाने धूर सोडू लागत, हाताला काम मिळे, पोरं रांगेत उभी राहत. "आणि हे कशानं झालं?" मास्तर विचारत. सभागृहाला उत्तर पाठ होतं.

घरी ही शिस्त उंबऱ्यापाशीच जोड्यांबरोबर उतरत असे. त्यांची बायको, आमच्या वहिनी, त्यांना पिशवी देऊन बाजारात पिटाळत आणि वांगी किडकी आणली की परत पाठवत. युरोपातल्या सगळ्या तहांची कलमं ठाऊक असलेला हा माणूस माळीवाड्याच्या भाजीवालीशी तह करू शकत नसे.

केवळ व्याख्यानावर त्यांचं समाधान होईना. म्हणून त्यांनी शाळेत एक पथक काढलं. पांढरा सदरा, कमरेला निळा पट्टा, रोज शाळा सुटल्यावर कवायत. हेडमास्तरांना सांगितलं, व्यायाम आहे. मुलांना सांगितलं, राष्ट्र उभं करायचं आहे. दोन्हीकडे त्यांनी एक अट पाळली, ती म्हणजे पेन्शनला धक्का लागता कामा नये. बेचाळीस साली देशातल्या मोठ्या पुढाऱ्यांना आमच्या नगरच्या किल्ल्यात आणून कोंडलं, गावात मिरवणुका निघाल्या, तेव्हा पथक मैदानाच्या आतच डावे-उजवे करत होतं. मास्तर म्हणाले, वेळ आलेली नाही. पथकाचा नायक म्हणजे मॅट्रिकच्या वर्गातला एक उंच, देखणा मुलगा. त्याला हे पटलं नव्हतं, पण तो काही बोलला नाही. बोलायचं नाही, हेही पथकातच शिकवलेलं.

त्याच सुमाराला मास्तरांची दाढ दुखायला लागली. अक्कलदाढ नव्हती, असती तर या लेखाचं काम सोपं झालं असतं.

गावात दातांचा खरा डॉक्टर एकच होता आणि तो जर्मन होता. लढाई सुरू होताच सरकारनं मुंबईतले जर्मन उचलून भिंगारच्या छावणीत आणले, त्यांत हाही आला. पुढं चौकशीत कळलं की हा ज्यू आहे, आपला देश सोडून पळालेला आहे. तेव्हा त्याला सोडलं, पण मुंबईला परत जायची परवानगी काही मिळेना. मग तोफखाना नावाच्या भागात एका बाईच्या घराची पुढची खोली त्यानं भाड्यानं घेतली. ही बाई ख्रिस्ती, विधवा, मिशनच्या दवाखान्यात सुईण. रस्त्याच्या बाजूला मोठी काचेची खिडकी, आत एक खुर्ची आणि शिंप्याच्या मशीनसारखं पायानं चालवायचं दात कोरायचं यंत्र.

मास्तर तिथं जायला उत्सुक होते. दुखण्याची भीती होतीच, म्हणून सोबतीला मला घेतलं. पण वाटेत मला म्हणाले की इतक्या वर्षांत प्रत्यक्ष जर्मन माणसाशी बोलायचा योग आला नव्हता, आज तो देशाविषयी काय सांगतो ते तूही ऐक.

डॉक्टर इंग्रजी बोलत. मास्तरांनी खुर्चीत बसल्याबसल्या आपल्या व्याख्यानाचा सारांश सांगितला. डॉक्टरांनी तो नीट ऐकून घेतला, म्हणाले, मग आता तोंड उघडा. मास्तरांचं तोंड उघडं राहिलं, त्यात आरसा आणि सळई गेली, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच जर्मनीवर बोलणारा माणूस दुसरा होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. मास्तरांचं म्हणणं बरोबर होतं. उपास खरे, नोटांच्या टोपल्या खऱ्या. त्यांचा थोरला भाऊ पहिल्या लढाईत त्याच देशासाठी पाय गमावून आला होता. पुढं कामंही मिळाली. शेजाऱ्याला मिळालं तेव्हा डॉक्टरांनाही आनंद झाला. मग शेजाऱ्याला गणवेश मिळाला. मग त्याची मुलं दात दाखवायला येईनाशी झाली. मग एके सकाळी तो गणवेश घालून डॉक्टरांच्याच दारात उभा राहिला आणि येणाऱ्या रोग्यांना सांगू लागला, इथं जाऊ नका.

"त्याच्या दाढेत मी भरलेली चांदी होती," डॉक्टर यंत्र चालवता चालवता म्हणाले. "तो 'जाऊ नका' म्हणायला तोंड उघडायचा, तेव्हा ती मला खिडकीतून दिसायची."

मास्तरांनी चूळ भरली. तोंड पुसलं. मग म्हणाले, "पण शिस्त तर होती?"

"होती ना. तो वेळेवर आला आणि दवाखाना बंद व्हायच्या वेळेला गेला. मध्ये जेवायलासुद्धा हलला नाही."

परत येताना मास्तर रागानं लाल झाले होते. दाढ दुखायची थांबली होती, हे ते विसरूनच गेले. स्वतःच्या राष्ट्राविषयी परक्यांपाशी असं बोलणारा माणूस म्हणजे घरभेदी, असं त्यांनी मला वेशीपाशी सांगितलं. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच मॅट्रिकच्या वर्गात सांगितलं, आणि तिथंही सगळे गप्प राहिले. पण वर्गातलं गप्प राहणं वेगळं होतं.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. पोरांच्या अंगात रग होती, देशात आग होती आणि मास्तर म्हणत होते वेळ आलेली नाही. गोऱ्या शिपायांच्या छावणीत बंदुका होत्या. दातांच्या डॉक्टरकडे काच होती. तेव्हा कुठं जायचं हे ठरवायला फार विचार करावा लागला नाही. एवीतेवी तो गोराच होता.

सकाळी शाळेत बातमी आली. मास्तर आणि मी तसेच तोफखान्यात गेलो. खिडकीची काच रस्त्यावर आणि खोलीत सगळीकडे पडली होती. यंत्राचं चाक वाकलं होतं. डॉक्टर खाली वाकून काचा वेचत होते. दारात सुईणबाई उभी होती. मास्तरांनी तिला विचारलं, कोण होते, पाहिलं का.

"बगितलं की," ती म्हणाली. "तुमचीच हुती, मास्तर. निळं पट्टं हुतं कमरंला. रांगेत आली, दगडं मारली, रांगेत गेली. कुनी वरडलं न्हाई का पळालं न्हाई. लई शिस्तीत."

तिनं हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं. जे दिसलं ते सांगितलं.

डॉक्टरांनी मास्तरांना पाहिलं, काचा सुपात टाकल्या आणि हात धुऊन आले. आलाच आहात तर दाढ बघतो म्हणाले. मास्तर त्या खुर्चीत बसले, तोंड उघडलं, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते, दुखतंय का, कुठं दुखतंय. तोंडात आरसा असल्यामुळे मास्तरांना उत्तर देता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी त्यांनी पथक उभं केलं आणि विचारलं, कोणी केलं. कोणी हललं नाही. पुन्हा विचारलं. आपल्या माणसाचं नाव सांगायचं नाही, हा नियम त्यांनीच घालून दिलेला. मी शाळेच्या व्हरांड्यातून पाहत होतो. इतकी सरळ रांग मी पुन्हा कधी पाहिली नाही. शेवटी मास्तर म्हणाले, पथक आजपासून बंद, घरी जा. तरी कोणी हललं नाही. मग नायकानं हुकूम दिला, रांग वळली आणि पावलाला पाऊल मिळवत फाटकाबाहेर निघून गेली. मैदानात मास्तर एकटे उरले. त्यांनी घडवलेली गोष्ट उत्तम चालत होती. त्यांची तिला गरज उरली नव्हती, एवढंच.

यानंतर मास्तर रोज शाळा सुटली की डॉक्टरांच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. छत्री, चष्मा, मांडीवर परीक्षेचे पेपर. हे काय, म्हणून विचारलं तर म्हणत, इथं वारा बरा येतो. खिडकीला गोणपाट लावलेलं, समोरून गटार वाहायचं. वारा कसला येतोय? वहिनींनी एकदा मला विचारलं की हे भाजीला म्हणून जातात ते कुठं असतात. मी सांगितलं. मग म्हणाल्या, "भित्रा माणूस हो तो. पालीला भितो. उद्यापासून बरोबर चहा देत जाईन."

पोरं एकदाच आली. दिवेलागणीची वेळ. समोरच्या बाजूला रांग धरून उभी राहिली. मास्तर उठले. छत्री त्यांनी ढालीसारखी छातीशी धरली. त्यांनी हुकूम दिला नाही, व्याख्यानही दिलं नाही. एकेकाला नावानं हाक मारली, वर्गात हजेरी घेतात तशी. मग एकाला म्हणाले, तुझ्या आईची दाढ यांनीच काढली ना रे, आता बरी आहे का? दुसऱ्याला म्हणाले, तुझं गणित कच्चं राहिलंय, उद्या लवकर ये.

कथेत अशा जागी मुलं रडतात आणि पाया पडतात. नगरात तसं काही झालं नाही. काही जण मान खाली घालून निघून गेले, काही तिथंच उभे राहिले आणि त्यांतल्या एकानं दगड मारला. तो मास्तरांच्या खांद्याला लागला. ते मटकन ओट्यावर बसले, पण ओटा सोडला नाही. रांग मात्र मोडली होती. उरलेली पोरं वेगवेगळ्या गल्ल्यांनी गेली.

खांदा पुष्कळ दिवस सुजलेला होता. हेडमास्तरांना त्यांनी सांगितलं, घसरून पडलो. गावात मास्तर गोऱ्यांना फितूर झाले अशी कुजबूज झाली आणि वाचनालयानं त्या पावसाळ्यात व्याख्यान भलत्याच विषयावर ठेवलं. पेन्शनर मामलेदार त्यांना पाहून रस्ता बदलू लागले.

लढाई संपली तेव्हा डॉक्टरांना मुंबईला जायची परवानगी मिळाली. त्यांच्या भावाचा, भावाच्या बायकामुलांचा काहीच पत्ता लागला नव्हता. स्टेशनवर आम्ही तिघंच होतो, मास्तर, सुईणबाई आणि मी. गाडी आली तेव्हा मास्तरांनी पिशवीतून वहिनींनी दिलेले लाडू काढले आणि इंग्रजीत काहीतरी सांगू लागले. फार मोठं वाक्य सुरू केलं होतं, ते पुरं झालं नाही. डॉक्टर म्हणाले, डाव्या बाजूनं चावू नका.

स्वातंत्र्य आलं. पथकाचा तो नायक आता पांढरी टोपी घालून शांततेवर भाषणं करत होता आणि ती करण्यात तो चांगला तरबेज झाला होता. तालुक्याच्या कामांत त्याचा शब्द चाले. गावातल्या सगळ्या शाळांची मिळून त्यानं नवी पथकं काढली. पहिल्या संचलनाला आद्य संस्थापक म्हणून मास्तरांना मंचावर बसवलं. नको म्हणाले तर घरी गाडी पाठवली. मीही शाळेतर्फे शेजारच्या खुर्चीवर होतो. भाषणात तो म्हणाला की आज आपण जे काही आहोत ते या पूज्य गुरुवर्यांनी लावलेल्या शिस्तीमुळे. टाळ्या झाल्या. मास्तर त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी मास्तर लेकीकडे संगमनेरला राहायला गेले आणि तिथंच वारले. मला उशिरा कळलं. त्यांची आठवण निघाली की मला दिसतं ते त्या दिवशीचं मैदान. ढोल वाजू लागला, पोरांच्या रांगा मंचासमोरून जाऊ लागल्या, आणि कलेक्टर, पुढारी, हेडमास्तर, व्यापारी, मी, असे सगळे मानवंदनेला उभे राहिलो. एका खुर्चीत मास्तर तेवढे बसून राहिले. मागून कोणीतरी वाकून त्यांच्या कानात सांगितलं, उठा, सगळे बघताहेत.

"गुडघा दुखतो," मास्तर म्हणाले.

त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.