पोथी ऐकणारा अजगर

दुपारची भांडी आटोपली की आम्ही चौघीजणी आगाशीला आमच्या वाडीतल्या वडाच्या पारावर पोथी वाचायला जमतो. अध्याय लवकर संपतो, गप्पा मात्र दिवेलागणीपर्यंत! किस्से इतके साठलेत की कुणाचा कुठला तेच कळेनासं झालंय. गेल्या पावसाळ्यानंतर तर सगळ्या किस्स्यांत एकच पात्र. ते पारावर बसत नाही, वरून ऐकतं!

*

पहिल्यांदा तो दिसला माडावर. दिनू नारळ पाडायला आला होता. पायात दोरीचा फास अडकवून निम्मा माड चढला, वर बघितलं आणि सर्रकन खाली! छाती सोललेली, नुसतं बोट वर.

आम्ही माना वर केल्या. दंडापेक्षा जाड अजगर माडाला गुंडाळलेला! मी रोज शंभर नावं घेणारी, पण तेव्हा एक देव आठवला तर शपथ.

आणि तो चढत होता हो! खालच्या वेटोळ्यांनी खोड गच्च आवळायचं, पुढचं अंग वर सरकवायचं, तिथे नवं वेटोळं घालायचं, मग मागचं अंग वर ओढून घ्यायचं. ना घाई, ना धाप.

आमच्यातल्या सगळ्यात वडील वनिताताई. त्या दिनूला म्हणाल्या, "अरे, ही तर तुझीच पद्धत! हा तुझ्याकडून शिकला की तू त्याच्याकडून?"

दिनू फास तिथेच टाकून गेला.

*

फिलूबायचं माहेर भुईगाव, सासर आमच्या कुंपणापलीकडे. ती पोथीलाही बसते आणि रविवारी आमच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्तीही लावते. तिच्या कोंबड्या संध्याकाळी चिकूच्या झाडावर जाऊन बसतात. त्यांतली एकेक नाहीशी व्हायला लागली.

संशय वनिताताईंच्या बोक्यावर! फिलूबायने बोक्याला झाडूने पिटाळलं आणि ताईंशी बोलणं टाकलं. दोघी पारावर पाठ करून बसायच्या, मध्ये मी पोथी वाचायची.

मग एका सकाळी तिला चिकूच्या बेचक्यात स्वारी दिसली. पोट टम्म फुगलेलं! 

दुपारी बांगड्याचं डोकं घेऊन ती ताईंच्या दारात. "बोक्याला बोलवा. माफी मागायचीय."

"आणि माझी?"

"तुम्ही कुठे बांगडा खाता!"

*

आमच्यातली चौथी माझी सून शीतल, मनवेलपाड्याची, बिल्डिंगमध्ये वाढलेली. मागच्या दारी कपडे वाळत घालताना तिने एक दिवस जी किंकाळी फोडली! मी देवघरातून निरांजन हातात घेऊनच धावले. समोर शेवग्यावर तोच. आम्ही दोघी एकमेकींना धरून उभ्या, आणि तो आपला हळूहळू वर.

तो पानांत दिसेनासा झाल्यावर शीतल पुटपुटली, "आई, आमच्याकडे लिफ्ट बंद पडली की चौथ्या मजल्यापर्यंत सगळे रडायचे. याला ना हात, ना पाय, ना तक्रार!"

*

शेवटी तो वडाच्या ढोलीत राहायलाच आला. सर्पमित्राला बोलावलं. त्याने शिडी लावली, हा ढोलीत. शिडी काढली, हा बाहेर! तो म्हणाला, "मावशी, घाबरू नका. लहान अजगर झाडावर खूप राहतात. वजन वाढलं की चढणं कमी होतं. खाली उतरला की फोन करा."

वनिताताईंना ते पटेना. "वजन माझंही वाढलंय, पण मला गुडघे अडवतात."

"ताई, त्याला गुडघे नसतात."

"मग बरोबर. कशाला उतरेल तो!"

आम्ही हसलो, पण माझे धाकटे दीर हसले नाहीत. त्यांची नात त्याच वडाच्या पारंबीला झोका घेते. ते म्हणाले, "वहिनी, परवानगी काढलीय. वटपौर्णिमेची पूजा करून घ्या, त्याच दिवशी वड पाडतो."

पोरीची काळजी मलाही होतीच. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून मी याच वडाला सूत गुंडाळलंय. माझी जाऊ सुमन, याच भावजींची बायको, बरोबर असायची. ती गेल्यापासून भावजींनी पाराकडे पाऊलही टाकलं नव्हतं. मी महादेवाला सांगितलं, पोरही सुखरूप राहू दे आणि वडही. वर्षभर सोमवारी अळणी जेवीन.

*

वटपौर्णिमेला बाकीच्या बायकांनी बाजारातून फांद्या आणून घरीच पूजा उरकली. झाडापाशी आलो मी, वनिताताई आणि शीतल. फिलूबाय लांबून पहारा द्यायला.

भावजी झाड तोडणाऱ्याला घेऊन उभे होते. करवतीचं मशीन जमिनीवर ठेवलेलं.

आम्ही फेरे सुरू केले. मागच्या बाजूला पारंब्यांची दाटी, काळोखच असतो तिथे. त्यांतली एक पारंबी हाताला गार लागली. सावलीतली असेल म्हणून मी तिच्यावरूनही सूत नेलं. प्रत्येक फेऱ्याला!

सातवा फेरा अर्धा झाला आणि फिलूबाय ओरडली, "अगो बाय, सूत वर चाललं!"

खरंच! आम्ही गुंडाळलेलं सूत आपोआप वर सरकत होतं. ती पारंबी वळली, आवळली, वर ओढली गेली. अंगावर माझ्या बोटांचं हळदकुंकू! वनिताताईंनी माझा दंड इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. तरी जीभ कुठली गप्प बसायला! "अगं, म्हणजे पुढचे सात जन्म... हा?"

तटकन सूत तुटलं. टोक माझ्या पायाशी पडलं. व्रताच्या दिवशी, अर्ध्या फेऱ्यात!

झाड तोडणाऱ्याने पायातल्या चपला काढल्या होत्या. "शेठ," तो म्हणाला, "मी याला हात लावत नाही."

भावजी पाराकडे आले. चपला त्यांनीही काढल्या. वाकून तुटलेलं टोक उचललं, खोडावर राहिलेल्या टोकाला गाठ मारली आणि माझ्या हातातली सुताची गुंडी घेतली. कुणा पुरुषाने वडाला सूत गुंडाळलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं!

"वहिनी," त्यांनी विचारलं, "सुमन कुठल्या बाजूने फिरायची?"