बाईजींचा डेरा

राहुटीत मला गाढ झोप लागायची. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण लगेच पुढचा प्रश्न येतो, मग घरी लागत नव्हती का? नव्हती. आमचे हे गेल्यावर मामंजींनी मला शिकवलं, परीक्षेला बसवलं, ग्वाल्हेरातल्या गोरखीकडच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लावून दिलं. सासऱ्यांचे ते उपकार मी विसरायची नाही. पण त्याच घरात थोरले दीरही राहत होते. मी खोलीला आतून कडी घालायची, तरी जिन्यावर पाऊल वाजलं की उठून बसायची. सांगणार कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

अशात खेड्यांतल्या कन्याशाळा तपासायचं काम माझ्याकडे आलं. थंडीत दौरा निघे. एक बैलगाडी, एक राहुटी आणि एक चपराशी. चपराशी आणि गाडीवान गावात जेवत, तिथंच निजत. मी मात्र गावाबाहेर आमराईत राहुटी ठोकायला लावायची. लष्कर म्हणजे आमची ग्वाल्हेरची पेठ, तिथल्या बायका डोळे मोठे करून विचारायच्या, "अगंबाई, बागींची भीती नाही वाटत? दरोडेखोर ते!" मी म्हणायची, "बागी माझं काय नेणार, खडू?"

पहिल्या मुक्कामी कोल्हे ओरडले तेव्हा मी घाबरून रामरक्षा म्हणायला लागले, आणि अर्ध्यातच झोपले. रामरक्षा अर्धी टाकून घोरणारी मीच एकटी असेन! राहुटीला ना कडी ना कोयंडा, दोन दोऱ्या बांधल्या की झालं दार. उजाडल्यावर जाग आली तर बाहेर मोर ओरडत होते आणि माझा पदर जागच्या जागी होता. मी तिथंच बसून हमसून हमसून रडले. किती दिवसांनी मी अशी झोपले होते, ते माझं मलाच आठवेना.

दोन थंड्या अशा सुखाच्या गेल्या. तिसऱ्या थंडीत घात केला तो एका शब्दानं.

आम्हा ग्वाल्हेरकरांची मराठी ही अशी, अर्धा पाय हिंदीत. शाळेत मला सगळे 'बाई' म्हणत. चपराशी होता इकडचाच, बिचारा अदबीचा, त्यानं बाईला आपला 'जी' जोडला. गावात कुणी विचारलं, आमराईत कोण उतरलंय? हा म्हणाला, "लश्कर से बाईजी आई हैं, उन्हीं का डेरा है."

झालं! दिवे लागायच्या सुमारास पाच-सहा माणसं इस्त्रीचे अंगरखे घालून, पानाचं तबक घेऊन हजर. पुढचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "बाईजी, साजिंदे कब तक आएँगे?" मला उमगायला जरा वेळ लागला. साजिंदे म्हणजे साथीचे वादक, आणि इकडे बाईजी म्हणजे कोठ्यावर गाणारी! मी म्हटलं, "बाबा, मैं मास्टरनी हूँ. आपकी बच्चियों का हिसाब सुनने आई हूँ." म्हाताऱ्यानं जीभ चावली, दोन्ही कान धरले आणि उलट्या पावलांनी गेला. थोड्या वेळानं त्यानं आपल्या बायकोला दुधाचा लोटा देऊन पाठवलं. ती नि मी पोट धरधरून हसलो. त्या रात्रीसुद्धा मला छान झोप लागली.

चपराशानं परतल्यावर ही गंमत टोपी बाजारात पानाच्या दुकानी सांगितली. त्याच्या मनात पाप नव्हतं. पण तिखटमीठ लावायला लोक बसलेलेच असतात. पाटणकर बाजारात पोचेतो त्यात सारंगी आली, आमच्या दारी पोचेतो मैफल झाली.

मामंजींनी मला समोर बसवलं. "दौरे बंद. मी कचेरीत सांगून आलोय."

"मामंजी, एखादी म्हातारी सोबत नेते. पण बंद नका हो करू."

"लोकांच्या तोंडाला हात लावता येतो का? घरात सुरक्षित राहा."

सगळ्यांत मोठा आवाज होता थोरल्या दिरांचा. घराण्याची अब्रू, बाईमाणूस, रानात एकटी! मी तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं. सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या, त्यांच्याकडे मी पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही. मग मीही एक जुडी पुढ्यात ओढली आणि निवडू लागले.

जेवणं झाल्यावर सासूबाई आपली वळकटी घेऊन माझ्या खोलीत आल्या. त्यांनी ती दाराला आडवी पसरली, अगदी उंबऱ्याशी. म्हणाल्या, "आजपासून मी इथं निजणार."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्यापासून ठाऊक होतं.